मराठवाड्यातून वाइनकडे: नवख्यांसाठी बागेपासून पेल्यापर्यंत

कडवंची, औसा किंवा तुळजापूर भागातल्या द्राक्षबागेत जो चार वेळा हिंडलाय, त्याला वाइनचं निम्मं गणित आधीच येतं. खरड छाटणी, ठिबक, भुरी हा बुरशीरोग, गारपीट हे त्याला शिकवावं लागत नाही. राहतं ते तीन गोष्टींचं: वाइनचं द्राक्ष वेगळं कशात, ती चाखायची कशी, आणि पाणी-माती राखून वाइन करणारा कोण हे ओळखायचं कसं. फ्रेंच नावं पाठ करण्यापासून सुरुवात केली की माणूस पंधरा दिवसांत कंटाळतो. म्हणून इथं क्रम उलटा ठेवलाय: आधी बाग, मग बाटली, मग नकाशा.

दोन गोष्टी आधीच. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. आणि वाइन तब्येतीला चांगली म्हणून कोणी घ्यायला सांगत असेल तर ऐकू नका, ती दारूच आहे. घरी बरणीत द्राक्षं आंबवायच्या फंदातही पडू नका. त्याला परवाना लागतो, आणि निघतं ते बहुतेक वेळा व्हिनेगरच.

पहिली पायरी: द्राक्ष हातात घ्या

फेब्रुवारीत बाजारातून पाव किलो शरद सीडलेस आणा, म्हणजे काळी द्राक्षं. एक मणी ब्लेडनं आडवा कापा. साल जांभळी-काळी, पण आतला गर हिरवट पांढरा. वाइनच्याही बहुतेक काळ्या जातींचं असंच असतं. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, रसात नाही. म्हणून रेड वाइन करताना रस साल-बियांसकट आंबवतात, आणि व्हाइट करताना आधी पिळून साल बाजूला काढतात. काळ्या द्राक्षाचा रस सालीबरोबर फक्त काही तास ठेवला की गुलाबी रोझे होते.

आपल्याकडे पिकणाऱ्या थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या जाती खाण्याच्या. मणी मोठा, साल पातळ, बी नाही, गोडी साधारण १८ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास. वाइनच्या काबर्ने सोव्हिन्याँ, शिराझ, शेनिन ब्लाँ या जातींचा मणी छोटा, साल जाड, आत बिया, आणि काढणी २२ ते २४ ब्रिक्सला. मणी छोटा असला की रसाच्या मानानं साल जास्त पडते, म्हणून चवही जास्त उतरते. खाण्याच्या द्राक्षात मणी फुगवायला जीए (जिबरेलिक आम्ल) मारतात, वाइनच्या बागेत तोच फुगलेला मणी नुकसानीचा.

ब्रिक्समीटर बहुतेक बागायतदारांकडे असतो. त्यावरून मद्याचं प्रमाणही काढता येतं: रसात लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्य तयार होतं. २२ ब्रिक्सच्या रसातून साडेबारा टक्क्यांच्या आसपास. बाटलीवर १४ टक्के लिहिलं असेल तर द्राक्ष चांगलंच पिकवून, बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर काढलंय, असं समजायला हरकत नाही.

इथंच आपल्या हवामानाची अडचण येते. ऊन वाढलं की साखर भराभर चढते आणि आम्ल घसरतं. रात्री थंड असल्या तर आम्ल टिकतं, म्हणून नाशिकच्या ६०० मीटर उंचीवर किंवा बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सवर वाइनच्या बागा बसल्या. युरोपात काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. वेलीला थंडीची झोप मिळत नाही, म्हणून आपण तिला एप्रिलच्या खरड छाटणीनं आणि ऑक्टोबरच्या फळ छाटणीनं वळण लावतो. घड पिकतात ते हिवाळ्याच्या शेवटी. मार्चचा दुसरा पंधरवडा उजाडला की रात्रीही तापतात आणि वाइन सपक होते. वायनरीवाले मग टार्टारिक आम्ल घालून तोल सावरतात. ते कायदेशीर आहे आणि गरम देशांत सर्रास चालतं, पण वेळेवर काढलेल्या द्राक्षाची सर त्याला येत नाही.

दुसरी पायरी: दोन जोड्या

दुकानात गेल्यावर एक महागडी बाटली आणू नका. साधारण एका किमतीच्या चार आणा, आणि दोन-दोन अशा वेगवेगळ्या दिवशी उघडा. ३७५ मिलीच्या छोट्या बाटल्या मिळाल्या तर उत्तम, वाया जात नाही. एकटी बाटली काही शिकवत नाही, शेजारी दुसरी असली की फरक कळतो.

पहिली जोडी शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ. दोन्ही मूळच्या फ्रान्सच्या लुआर खोऱ्याशी जोडलेल्या. शेनिन नरम, पिकल्या फळांची, आपल्याकडे बऱ्याचदा थोडी गोडसर ठेवलेली. सोव्हिन्याँला पेरूचा आणि हिरव्या मिरचीचा वास येतो, तो ओळखायला मराठवाड्यातल्या नाकाला शिकवणी लागत नाही. दुसरी जोडी शिराझ आणि सांजोव्हेझे. शिराझ गडद, काळ्या मिरीची. सांजोव्हेझे इटलीतल्या टस्कनीची, रंगानं उघडी, आम्ल जास्त. ती अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीमुळे आपल्या जवळ आली. पिएरो मासी हे इटालियन वाइनमेकर तिथल्या कामात सुरुवातीपासून होते.

या चार पचल्या की मग नकाशा उघडा. तीच शेनिन दक्षिण आफ्रिकेची घ्या, तीच शिराझ ऑस्ट्रेलियाच्या बरोसाची, तीच सोव्हिन्याँ न्यूझीलंडच्या मार्लबरोची. जात एकच ठेवून मुलूख बदलला, की माती-हवेचा हात कुठं फिरला ते दिसतं. जात आणि मुलूख एकदमच बदलले तर काहीच हाती लागत नाही, आणि नवखे नेमकं तेच करतात.

तिसरी पायरी: तापमान (इथंच सगळ्यात जास्त वाइन वाया जाते)

"रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी" हे वाक्य थंड देशातल्या दगडी घरांचं आहे. परभणी-नांदेडात मे महिन्यात त्या वाक्याचा अर्थ ४० अंश होतो. रेडला १६ ते १८ अंश हवेत, व्हाइटला ८ ते १०, स्पार्कलिंगला (बुडबुड्यांच्या वाइनला) त्याहून थोडं कमी.

घरचा फ्रीज साधारण ४ अंशांचा. उन्हाळ्यात ३५ अंशांच्या खोलीतली रेड त्यात दीड तास ठेवा, हिवाळ्यात अर्धा-पाऊण तास पुरे. व्हाइटला उन्हाळ्यात साडेतीन-चार तास लागतात. रात्रभर ठेवली असेल तर पिण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर काढा, फार गार वाइनचा वासच येत नाही. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ निम्मं पाणी घ्या आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. रेड दहा मिनिटांत, व्हाइट अर्ध्या तासात होते. मूठभर खडे मीठ टाकलं तर आणखी लवकर. नुसत्या बर्फात खुपसून उपयोग नाही, खड्यांमधल्या हवेमुळे गारवा काचेला नीट लागत नाही.

साठवण आणखी अवघड. ३० अंशांच्या वर आठवडाभर राहिलेली वाइन शिजते: ताज्या फळाचा वास जाऊन मुरंब्याचा येतो, रंग विटकरी होतो. आतला द्रव फुगून बूच वर सरकतं, कधी कडेनं गळतं. म्हणून फ्रीजच्या डोक्यावर, ओट्याखाली, गच्चीखालच्या माळ्यावर बाटली नको, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर तासभरही नको. दुकानात काचेच्या कपाटात उन्हात उभी असलेली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा. बूच किंचित वर आलेलं असेल, झाकणाखाली चिकट डाग असेल तर परत द्या. लाइट जाणाऱ्या गावात जुनी वाइन जपायचा नाद सोडून महिन्याभरात संपेल तेवढीच आणावी हे बरं. बहुतेक भारतीय वाइन तशीही दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते.

चौथी पायरी: चाखणं

तोंडाशी निमुळता होत जाणारा काचेचा पेला घ्या. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. वाइन ५० मिली, त्याहून जास्त नको. पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून कडेचा रंग पाहा. आधी न हलवता वास घ्या, मग हलकं फिरवून पुन्हा. घोट तोंडात पाच-सहा सेकंद घोळवा आणि थुंका. थुंकण्यात असभ्य काही नाही, चार वाइन गिळल्यावर पाचवीबद्दल काही सांगता येत नाही.

तोंडात चारच गोष्टी शोधा. जिभेच्या कडेला लाळ सुटते ते आम्ल. हिरड्या आवळल्यासारख्या होतात, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतात तशा, ते टॅनिन. घशाशी ऊब लागते ते मद्य. आणि जिभेला लागते ती गोडी. वहीत या चार गोष्टी एक ते पाचात लिहा, वासाचा एखादा शब्द लिहा, किंमत आणि साल लिहा. चेरी-ब्लॅककरंट लिहायची गरज नाही. करवंद आठवलं तर करवंदच लिहा.

दोष ओळखणं गोडवा ओळखण्याइतकंच महत्त्वाचं. भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर बुचाचा दोष, बाटली परत करा. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा उग्र वास म्हणजे जिवाणूंनी मद्याचं ॲसिटिक आम्ल केलं. व्हाइटचा रंग तपकिरी, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, म्हणजे हवा लागली. सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका, पेला जोरात फिरवून दहा मिनिटं ठेवा, बहुधा उडून जातो. तो नाहीच गेला तर चूक बागेत किंवा टाकीत झालेली असते. त्याबद्दल शेवटी.

ताटाशी जमवताना

मद्य आणि टॅनिन, दोन्ही तिखट भडकवतात. ठेचा-भाकरीसोबत कडक काबर्ने घेतली तर तोंडाला आग लागते आणि वाइन कडवट होते. तिथं कमी मद्याची, गोडसर, गार शेनिन. येसर आमटीलाही तीच. संभाजीनगरच्या नान-खलियात चरबी आणि मसाला दोन्ही असतात, तिथं शिराझ शोभते, कारण टॅनिन चरबीला धरतं. हुरड्यासोबत दही, लसणाची चटणी असली तर सोव्हिन्याँ. पुरणपोळीसमोर मात्र कुठलीही ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, वाइन आंबट लागते, तो प्रयोग टाळा.

लेबल

ड्राय म्हणजे लिटरमागे साखर ४ ग्रॅमपर्यंत, ४५ च्या वर गेली की गोड. साल म्हणजे द्राक्ष काढल्याचं साल. "रिझर्व्ह" या शब्दाला भारतीय बाटलीवर ठरीव हिशेब नाही. स्पेनच्या रिओहात मात्र रेड रिझर्व्हाला किमान तीन वर्षं, त्यातलं किमान एक लाकडी पिंपात, असा नियम आहे. द्राक्षं पिकवली कुठं आणि वाइन बाटलीत भरली कुठं, या दोन ओळी वेगवेगळ्या वाचा.

पाचवी पायरी: वायनरी पाहायला जाणं

संभाजीनगर-जालन्याकडच्यांना नाशिक सोयीचं. वैजापूर-येवला रस्त्यानं जाताना विंचूर लागतंच, जिथं राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातून वाइन पार्क उभं राहिलं. पुढं दिंडोरीकडे आणि गंगापूर धरणाच्या परिसरात बऱ्याच वायनऱ्या आहेत. राजीव सामंतांची सुला याच भागातली. तिथं गर्दी फार, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळी यंत्रं एका जागी दिसतात. धाराशिव-लातूरकडून अकलूज जवळ, बार्शी-टेंभुर्णीमार्गे.

जायचं ते जानेवारीअखेर ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी. तेव्हा द्राक्ष येताना, देठ वेगळे होताना, टाकी उकळल्यासारखी फसफसताना दिसते. पावसाळ्यात हिरवळ असते, पण वेलीवर घड नसतात आणि टाक्या शांत असतात. आधी फोन करून वेळ घ्या, ड्राय डे तपासा, आणि गाडी चालवणाऱ्यानं थेंबही घेऊ नये. चाखणीत चार-सहा नमुने देतात, उपाशीपोटी जाऊ नका.

सहावी पायरी: टिकाऊपणा तपासणं

२०१६ साली ज्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसानं वाइनच्या बाटलीवरचं हिरवं पान शेवटी पाहावं. आधी पाण्याचं विचारावं. सेंद्रिय प्रमाणपत्र फवारणीबद्दल सांगतं, विहीर किती खोल गेली याबद्दल फारसं काही नाही.

पहिला प्रश्न बागेचा. पाणी कुठून येतं: बोअर, कालवा की शेततळं? कडवंचीनं पाणलोटाची कामं आणि शेततळ्यांच्या जोरावर द्राक्ष उभं केलं, म्हणजे कमी पावसात हे पीक होतं, पण साठवलेल्या पाण्यावर. उघड्या शेततळ्यातून उन्हाळ्यात बाष्पीभवन मोठं होतं, त्यावर काय उपाय केलाय ते विचारा. बोदावर, म्हणजे वेलींखालच्या मातीच्या वरंब्यावर, पाचटाचं आच्छादन आहे का ते डोळ्यांनी पाहा. वाइनच्या द्राक्षाला मणी पिकताना थोडा ताण द्यावाच लागतो, त्यामुळे खाण्याच्या द्राक्षापेक्षा पाणी कमी पुरतं. जो वायनरीवाला ताण कधी आणि का देतो हे नीट सांगतो, त्याला बाग कळते. वेल डॉगरिजसारख्या खुंटावर (ज्या मुळावर कलम करतात त्यावर) आहे का हेही विचारा. तो क्षार आणि दुष्काळ सोसतो, पण भारी जमिनीत वेल माजवतो आणि मग घड सावलीत राहतात.

दुसरा प्रश्न आतला. टाक्या, पाइप, फरशी धुण्यात एक लिटर वाइनमागे दोन-तीन ते सहा-सात लिटर पाणी सहज जातं. तुमचा आकडा किती, असं सरळ विचारा. मोजणारा लगेच सांगतो, न मोजणारा "आम्ही पर्यावरणाची काळजी घेतो" म्हणतो. त्या सांडपाण्यात साखर आणि आम्ल असतं. तसंच नाल्यात सोडलं तर जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मासे मरतात, वास सुटतो. प्रक्रिया करून बागेच्या कडेच्या झाडांना किंवा गवताला देतात का, ते दाखवायला सांगा.

तिसरा फवारणीचा. बोर्डो मिश्रण आपल्याकडच्या बागायतदाराला तोंडपाठ: १ टक्क्यासाठी १ किलो मोरचूद (यातच तांबं असतं), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. ते १८८५ च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइन-बागांतूनच केवडा या बुरशीसारख्या रोगावरचा उपाय म्हणून पुढं आलं. सेंद्रिय शेतीत तांबं चालतं, पण ते मातीतून जात नाही, साचतं आणि गांडुळांना बाधतं. युरोपीय संघानं म्हणूनच सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली. तेव्हा "आमची सेंद्रिय आहे" यावर पुढचा प्रश्न असा: वर्षाला तांबं किती पडतं?

चौथा विजेचा. व्हाइट १२ ते १६ अंशांवर आंबवावी लागते, आणि आपली काढणी उन्हाळ्याकडे सरकणारी, म्हणजे थंडाव्याचं बिल मोठं. सौर पॅनेल, टाक्यांवरचं जाड आवरण, पहाटेची काढणी यानं ते उतरतं. पहाटे काढलेलं द्राक्ष आधीच गार असतं, एवढ्या एका गोष्टीनं बराच फरक पडतो. जॉर्जियात क्वेव्री नावाचे मातीचे रांजण जमिनीत पुरून त्यात वाइन करतात, गारवा मातीच देते. २०१३ साली युनेस्कोनं ती पद्धत वारसा म्हणून नोंदवली.

पाचवा प्रश्न विचारायचा नाही, घरी तपासायचा. रिकामी बाटली स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. ४०० ते ५०० ग्रॅम ठीक. साध्या वाइनची बाटली ८००-९०० ग्रॅम भरली तर ती काच निव्वळ रुबाबासाठी आहे. वाइनच्या एकूण कार्बन हिशेबात काचेचा वाटा मोठा असतो. स्पार्कलिंगला यातून सूट द्या, आतला दाब सोसायला जाड काच लागतेच.

चोथ्याचंही विचारा. द्राक्षाच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी साल-बी उरते. ती आंबट असते, सरळ शेतात टाकली तर नुकसान करते. शेण आणि थोडा चुना मिसळून तीन-चार महिने कुजवली तर चांगलं खत.

ज्यांची स्वतःची जमीन आहे त्यांच्यासाठी

वाइनचं द्राक्ष लावायचा विचार असेल तर आधी करार, मग खड्डे. हे द्राक्ष बाजारात विकत नाही, बियांमुळे बेदाणाही होत नाही. घेणारा एकच असतो. २००८-०९ च्या मंदीनंतर वाइन पडून राहिली तेव्हा नाशिक-पुणे पट्ट्यातल्या बऱ्याच शेतकऱ्यांनी या बागा काढून टाकल्या. खाण्याच्या द्राक्षात वजनाला पैसे मिळतात, इथं वजन मुद्दाम कमी ठेवायला सांगतात. तेव्हा किलोचा दर ऐकून हुरळू नका, एकराचा हिशेब मांडा. जात आणि खुंट निवडण्याआधी पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्या, माती-पाण्याचा क्षार तपासून.

सडक्या अंड्याच्या वासाचं एक कारण इथं सापडतं. भुरीसाठी मारलेलं गंधक सालीवर राहिलं तर आंबताना यीस्ट त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतं. म्हणून काढणीआधी पाच आठवडे गंधक बंद. केवड्याच्या औषधांचाही काढणीपूर्व काळ पाळावा लागतो, नाहीतर आंबवण अडकतं आणि माल नाकारला जातो.

करारात हे शब्दांत लिहून घ्या: किमान ब्रिक्स किती आणि तो कोण, कुठं मोजणार. गारपिटीनं फुटलेल्या घडांचं काय. क्रेट कोण देणार, वाहतूक कोणाची. काढणीची तारीख वायनरीनं पुढं ढकलली आणि वजन घटलं तर भरपाई कशी. आणि पैसे माल पोचल्यापासून किती दिवसांत, उशीर झाल्यास व्याज किती. यातलं शेवटचं कलम गाळायला सांगितलं तर सही करू नका.